नाण्यांच्या संचाची खरी किंमत कशी काढायची

टांकसाळीने विकलेला संच आणि कुणीतरी हौसेने जमवलेला संच या दोन वेगवेगळ्या वस्तू आहेत. किंमत काढताना पहिली गफलत इथेच होते. नेहरूंचा रुपया, गांधींचे दहा रुपये, आंबेडकरांचा रुपया, शिवाजी महाराजांचे दोन रुपये अशी नाणी एका मखमली डबीत मांडून ठेवली, तर तो नाण्यांचा गठ्ठा झाला. त्याची किंमत म्हणजे एकेका नाण्याच्या किमतीची बेरीज, बहुतेक वेळा त्याहून थोडी कमीच. टांकसाळीतून डबीबंद निघालेल्या आणि तशाच राहिलेल्या संचाची किंमत मात्र बेरजेहून जास्त असू शकते. ती तशी का होते आणि कशाने घसरते, हे इथे स्वतंत्र भारताच्या संचांवरून पाहू. तपासणीचा क्रम महत्त्वाचा आहे, कारण पुढची परीक्षा करताना आधीची बिघडवून चालत नाही.

हातात घेण्यापूर्वी

टेबलावर स्वच्छ सुती कापड किंवा टर्किशचा टॉवेल अंथरा. नाणं निसटलं तर ते फरशीवर आपटू नये. लागणाऱ्या वस्तू फार नाहीत: ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा, व्हर्निअर कॅलिपर, दहापट मोठं दाखवणारं भिंग, एक साधं चुंबक आणि एकाच बाजूने प्रकाश टाकणारा टेबललॅम्प. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. नाणं कॅप्सूलमध्ये असेल तर ते आत्ता उघडू नका. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात ओरखडे लपतात, म्हणून लॅम्प हवाच.

प्रूफ की यूएनसी

टांकसाळ मुख्यतः दोन प्रकारचे संच विकते. यूएनसी म्हणजे चलनात न फिरलेली नाणी. ती नेहमीच्याच पद्धतीने, पण काळजीपूर्वक पाडलेली असतात. प्रूफ नाण्याची गोष्ट वेगळी. त्याची चकती आधी चकचकीत केलेली असते. ठशाचा सपाट भाग आरशासारखा घासलेला असतो आणि चित्र-अक्षरांचा भाग मुद्दाम खरखरीत ठेवलेला असतो. एकाच नाण्यावर एकाहून जास्त वेळा जोरदार दाब दिला जातो आणि नाणं हाताने उचललं जातं. ते इतर नाण्यांबरोबर पोत्यात कधीच पडत नाही.

ओळखायची सोपी रीत: छापील कागद नाण्यापासून पाच-सात सेंटीमीटरवर उभा धरा. प्रूफ नाण्याच्या मोकळ्या भागात अक्षरं उलटी पण वाचता येतील इतकी स्पष्ट दिसतात, आणि सिंहमुद्रा किंवा चेहरा दुधाळ, दवासारखा दिसतो. यूएनसी नाणं दिव्याखाली हळूहळू कलतं केलं तर चमकेचा पट्टा चाकाच्या आऱ्यासारखा गोल फिरतो. आरसा दिसत नाही. दोन्ही दिसत नसेल आणि नाणं सगळीकडून सारखंच चकाकत असेल, तर त्याला कुणीतरी पॉलिश केलेलं आहे. तिथे संग्राह्य किंमत जवळजवळ संपली.

एकाच साली निघालेल्या दोन प्रूफ संचांच्या दरात फरक का पडतो, याचं उत्तर ठशात आहे. नव्या ठशाच्या पहिल्या काही नाण्यांवर दुधाळपणा दाट उमटतो. ठसा झिजत गेला की तो विरळ होतो आणि शेवटी चित्रही आरशासारखंच दिसू लागतं. संच सारखाच, साल तेच, डबी तीच. पण काळ्या आरशावर पांढरं चित्र असलेल्या संचाला जाणकार जास्त मोजतात.

संच पूर्ण आहे का, आणि तो मूळचाच आहे का

१९५० सालचा प्रूफ संच घ्या. गणराज्याच्या पहिल्या नाण्यांचा हा संच सात नाण्यांचा आहे: रुपया, अर्धा रुपया, पाव रुपया, दोन आणे, एक आणा, अर्धा आणा आणि एक पैसा. वरच्या तिघांवर गव्हाच्या ओंब्या, आण्यांवर बैल आणि पैशावर घोडा. दोन आणे आणि अर्धा आणा चौकोनी, तर एक आणा लाटेसारख्या कडांचा. रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. अर्धा रुपया ५.८३ आणि पाव रुपया २.९२ ग्रॅम.

इथे चुंबक उपयोगी पडतं. रुपया, अर्धा आणि पाव ही तिन्ही शुद्ध निकेलची असल्यामुळे चुंबकाला चिकटतात. आण्याची नाणी ७५ टक्के तांबं आणि २५ टक्के निकेलच्या मिश्रणाची, म्हणून चिकटत नाहीत. पैसा ब्राँझचा, तोही चिकटत नाही. ‘चुंबकाला चिकटलं म्हणजे खोटं’ हा समज चांदीच्या नाण्यापुरता ठीक आहे. १९५० च्या रुपयाच्या किंवा १९६४ च्या नेहरूंच्या निकेल रुपयाच्या बाबतीत नेमकं उलटं आहे. चुंबक कॅप्सूलच्या बाहेरून लावलं तरी ओढ कळते, नाणं काढायची गरज नाही.

सर्वांत जास्त फसवणूक नाणं बदलण्यात होते. संचातलं एक प्रूफ नाणं डागाळतं, म्हणून कुणीतरी त्याच सालचं यूएनसी किंवा बाजारात फिरलेलं नाणं त्याच्या जागी बसवतो. चित्र तेच असल्यामुळे घाईत कळत नाही. हे पकडायला दोन गोष्टी बघा. पहिली, सर्व नाण्यांचा बाज एकसारखा आहे का: एकच नाणं आरशाविना दिसत असेल तर ते पाहुणं आहे. दुसरी, टांकसाळीची खूण.

मुंबई टांकसाळीच्या सामान्य नाण्यांवर सालाखाली छोटा हिरा किंवा ठिपक्यासारखा चौकोन असतो, हैदराबादच्या नाण्यांवर तारा आणि नोएडाच्या नाण्यांवर गोल ठिपका. कोलकात्याच्या नाण्यांवर काहीच नसतं. १९६९ पासूनच्या मुंबईच्या प्रूफ नाण्यांवर मात्र रोमन लिपीतलं ‘बी’ हे अक्षर येतं आणि शहराचं नाव बदलल्यावर, १९९० च्या दशकाच्या मध्यानंतर, ‘एम’. म्हणजे १९७५ च्या मुंबईच्या प्रूफ संचात एका नाण्याखाली ‘बी’ऐवजी नुसता हिरा दिसला, तर ते नाणं नंतर आलेलं आहे. कोलकात्याच्या संचाला ही युक्ती चालत नाही. तिथे फक्त बाजावरच विसंबावं लागतं.

संचातलं सर्वांत लहान नाणं

नवशिका आधी मोठं चांदीचं नाणं बघतो. मुरलेला गिऱ्हाईक आधी पैशाची नाणी बघतो, आणि त्याला कारण आहे.

१९७० च्या दशकातल्या पूर्ण प्रूफ संचांत मोठ्या स्मारक नाण्यांबरोबर पैशांची बारकी नाणीही असत. ती ॲल्युमिनियमची. ॲल्युमिनियम दमट हवेत पांढरी भुकटी सोडतं, आणि ती भुकटी पुसली तरी खालचा खड्डा राहतो. चांदीचं नाणं काळवंडलं तरी त्याला चांदीचा भाव असतो. बिघडलेल्या ॲल्युमिनियमच्या नाण्याला काहीच नसतो. शिवाय यातली काही सालं फक्त संचातच सापडतात. चलनातलं तीन पैशाचं षटकोनी नाणं १९७१ नंतर थांबलं, पण संचांसाठी ते पुढे काही वर्षं पाडलं गेलं. अशा सालचं तीन पैशाचं नाणं बदलून आणायचं तर दुसरा संचच फोडावा लागतो. म्हणून पूर्ण, निर्दोष छोटी नाणी असलेला संच आणि फक्त मोठं नाणं चांगलं असलेला संच यांच्या किमतींत इतकी तफावत पडते.

दर वर्षी कुणीतरी चांदीसाठी संच फोडतं आणि छोटी नाणी गल्ल्यात टाकतं. मूळ संख्येपेक्षा आज साबूत उरलेली संख्या नेहमी कमी असते, आणि बाजार उरलेल्या संख्येवर चालतो.

धातूचा तळ

चांदी असलेल्या संचाला एक तळभाव असतो. त्याखाली संच सहसा जात नाही. हिशेब सोपा आहे: वजन गुणिले शुद्धता.

१९६९ चं गांधी जन्मशताब्दीचं १० रुपयांचं नाणं १५ ग्रॅमचं, ३४ मिलिमीटर व्यासाचं, ८० टक्के चांदीचं. शुद्ध चांदी १२ ग्रॅम. १९७२ चं स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचं १० रुपयांचं नाणं २२.५ ग्रॅमचं, पण ५० टक्के चांदीचं. शुद्ध चांदी ११.२५ ग्रॅम. म्हणजे नाणं आकाराने मोठं आणि चांदी कमी. १९८० च्या दशकापासूनची १०० रुपयांची बहुतेक स्मारक नाणी ३५ ग्रॅम, ४४ मिलिमीटर. ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. शुद्ध चांदी १७.५ ग्रॅम. पुढे निघालेली ६०, ७५, १२५, १५० रुपयांची बरीच नाणी याच मापाची आहेत. २०२३ चं संसद भवनाचं ७५ रुपयांचं नाणंही तेच. चांदी किलोला १ लाख असेल, तर अशा नाण्याचा तळ १,७५० रुपये. त्या दिवसाचा भाव घालून तुमचा आकडा काढा. २०१० च्या बृहदीश्वर मंदिराच्या १,००० रुपयांच्या नाण्यात मात्र ८० टक्के चांदी आहे, म्हणून ३५ ग्रॅमला २८ ग्रॅम शुद्ध चांदी धरा.

१९७४ पासून १९७९ पर्यंतच्या संचांतलं १० रुपयांचं जाडजूड नाणं चांदीचं नाही, तांबं-निकेलचं आहे. ५० रुपयांचं चांदीचं. ‘दोन्ही चांदीची’ म्हणून विकलेले असे संच बाजारात सर्रास दिसतात. विकणाऱ्यालाही अनेकदा ठाऊक नसतं.

सुट्या, फिरलेल्या चांदीच्या नाण्याची शंका आली तर पाण्याने परीक्षा होते. काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पूर्ण बुडेल पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही असं लटकवा. काट्यावर येणारा ग्रॅमचा आकडा म्हणजे घन सेंटीमीटरमध्ये नाण्याचं आकारमान. खऱ्या गांधी १० रुपयांना सुमारे १.४८ येतं, त्याच वजनाचं तांबं-निकेलचं नक्कल नाणं १.६८ च्या आसपास दाखवतं. ३५ ग्रॅमच्या चांदीच्या नाण्याला सुमारे ३.६७ यायला हवं, नकलेला ३.९ च्या वर जातं. ही परीक्षा प्रूफ नाण्यावर कधीही करू नका. नळाच्या पाण्याचा एक थेंब आरशावर वाळला की कायमचा डाग पडतो, आणि तपासणीच्या नादात किंमत निम्मी होते.

धातूचा तळ काढला म्हणून नाणी वितळवायची नाहीत. नाणी वितळवणं किंवा नष्ट करणं नाणे अधिनियम, २०११ नुसार गुन्हा आहे. तळ फक्त सौद्यात कुठे थांबायचं हे कळण्यासाठी.

दुर्मिळता आणि मागणी

जुनं म्हणजे महाग, हे नाण्यांच्या बाबतीत चुकीचं आहे. १९६९ चं गांधींचं चांदीचं १० रुपयांचं नाणं प्रचंड संख्येने निघालं आणि लोकांनी जपूनही ठेवलं. म्हणून फिरलेलं नाणं धातूच्या भावाच्या आसपासच राहतं. त्याच सालच्या प्रूफ संचाची गोष्ट निराळी, कारण तो मोजक्याच लोकांनी मागवला होता. डॉ. आंबेडकरांचा १९९० चा एक रुपया आजही डीलरच्या टोपल्यात ढिगाने मिळतो.

संचाची संख्या बहुतांशी मागणीवर ठरते. टांकसाळ नोंदणीसाठी काही दिवसांची मुदत देते, किंमत आगाऊ घेते आणि नाणी कित्येक महिन्यांनी पोहोचतात. ज्या विषयाकडे नोंदणीच्या वेळी कुणी लक्ष दिलं नाही, तो संच कमी निघतो. काही वर्षांनी संग्राहकांना मालिका पूर्ण करायची असते तेव्हा तोच अडतो. सर्वांनी गर्दी केलेला संच मात्र पहिल्या महिन्यात चढतो आणि मग बसतो. गेल्या पंधरा-वीस वर्षांत विषय इतके झाले आहेत की नुसतं ‘नवीन निघालं’ म्हणून घेतलेले बहुतेक संच टांकसाळीच्या मूळ किमतीच्या खालीच राहतात. चांदी चढली तर तेवढा आधार.

मागणी वाढवणारं दुसरं कारण म्हणजे विषयाला असलेला संग्रहाबाहेरचा गिऱ्हाईक. बृहदीश्वर मंदिर, जगन्नाथाचा नवकलेवर, गुरू गोविंदसिंगांची ३५० वी जयंती, वैष्णोदेवी: हे संच भाविक घेतात आणि देवघरात ठेवतात, परत बाजारात येऊ देत नाहीत. २०१५ च्या आंबेडकरांच्या १२५ रुपयांच्या संचालाही असा वर्ग आहे. महाराष्ट्रात टिळकांच्या २००७ च्या किंवा शिवाजी महाराजांच्या १९९९ च्या नाण्यांची चौकशी इतर राज्यांपेक्षा जास्त होते, पण चौकशी म्हणजे टंचाई नव्हे. शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं नाणं चलनात भरपूर होतं.

१९७० पासून सुमारे दशकभर जवळजवळ दर वर्षी अन्न, शेती, कुटुंबनियोजन, महिला, बालवर्ष अशा विषयांवर निघालेल्या संचांचं एक वैशिष्ट्य लक्षात ठेवण्यासारखं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या नाणे-उपक्रमात अनेक देश होते, आणि युरोप-अमेरिकेतले संग्राहक सगळ्या देशांची नाणी घेत. त्यामुळे भारतातून गेलेले हे संच तिकडच्या छोट्या दुकानांत आणि रविवारच्या बाजारांत अजूनही सापडतात, तेही कोरड्या हवेत राहिलेले. परदेशी असलेल्या मराठी वाचकांना हे इथल्यापेक्षा चांगल्या अवस्थेत मिळण्याची शक्यता आहे. तिकडे विकणाऱ्याला भारतीय संचात फार रस नसतो, हाही फायदाच.

‘वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं दहा लाखांना’ असल्या बातम्यांबद्दल एकच सांगायचं: २०१२ चं ते नाणं चलनात आलं होतं, आणि फिरलेल्या नाण्याला डीलर किरकोळ पैसेच देतात. आणखी एक ठरलेली वस्तू म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि १८१८ साल घातलेली, रामदरबार किंवा हनुमान असलेली ‘नाणी’. ती कंपनीने पाडलेलीच नाहीत. ते देवळाबाहेर विकायचे टोकन आहेत, आणि संच म्हणून डबीत घातले तरी टोकनच राहतात.

ब्रिटिश काळातल्या प्रूफ संचांकडे वळलात तर ‘रीस्ट्राइक’ हा शब्द शिकून घ्या. मुंबई आणि कोलकाता टांकसाळी जुन्या ठशांवरून मागणीनुसार पुन्हा नाणी पाडून देत, आणि हे विसाव्या शतकातही चालू होतं. नाणं खरं, टांकसाळही खरी, पण मूळ काळातलं नव्हे. दोन्हींत किमतीचा फरक मोठा असतो आणि तो ओळखणं नवख्याचं काम नाही.

डबी, बाहेरचं खोकं आणि पत्रक

डबी हा संचाचाच भाग आहे, कारण नाणी तिच्यात कुणी हात न लावता राहिली याचा तोच पुरावा. चार गोष्टी बघा: आतली डबी, तिच्यावरचा पुठ्ठ्याचा वेष्टनखोका, माहितीपत्रक किंवा प्रमाणपत्र, आणि नाणी बसवलेला प्लास्टिकचा साचा. पत्रकातलं साल, नाण्यांची संख्या आणि मूल्यं आतल्या नाण्यांशी ताडून पाहा. एका सालची डबी आणि दुसऱ्या सालची नाणी ही जोडी वरचेवर दिसते. साच्यातला खळगा नाण्यापेक्षा मोठा असेल, नाणं खुळखुळत असेल, तर बहुधा अदलाबदल झालेली आहे.

टांकसाळीच्या मूळ कामात सोन्याचा मुलामा, रंगीत चित्र चिकटवलेलं नाणं किंवा हिऱ्यासारखे खडे बसवलेली चौकट दिसली तर ते कुणा खासगी विक्रेत्याने नंतर केलेलं आहे असं समजा. मुलाम्याने नाण्याची किंमत वाढत नाही, जाते.

संच बिघडतो कसा

भारतात, त्यातही कोकण-मुंबईच्या पट्ट्यात, संचांचे शत्रू ठरलेले आहेत.

मऊ, वास येणारं प्लास्टिक: जुनी पाकिटं आणि अल्बमची पानं पीव्हीसीची असतात. ते कुजताना आम्ल सोडतं आणि तांबं असलेल्या नाण्यावर हिरवट, चिकट थर येतो. वेळेत लक्ष गेलं तर हा थर निघतो. केमिकलच्या दुकानातलं शुद्ध ॲसिटोन घ्या. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेल आणि सुगंध असतो. काचेच्या दोन वाट्यांत थोडं थोडं ओता. खिडकी उघडी ठेवा, गॅस बंद ठेवा. नाणं कडेने धरून पहिल्या वाटीत एक-दोन मिनिटं बुडवा, मग दुसऱ्या स्वच्छ वाटीत अर्धा मिनिट, आणि उभं टेकवून हवेवर वाळू द्या. पुसू नका. कॅप्सूल ॲसिटोनमध्ये टाकलं तर ते विरघळून दुधी होतं, म्हणून नाणं आधी बाहेर काढा. थराखाली नाणं खाल्लं गेलं असेल तर तो खड्डा कशानेही भरत नाही.

गंधक: रबरबँड, वर्तमानपत्र, लोकरी कापड आणि काही जुन्या डब्यांतलं फोम चांदी काळी करतात. सावकाश, सारखी आलेली निळसर-सोनेरी छटा काही संग्राहकांना आवडते आणि ते तिचे पैसेही देतात. डागडाग काळेपणा कुणालाच आवडत नाही.

डांबरगोळ्या: कपाटात कपड्यांबरोबर संच ठेवला की त्यांची वाफ प्लास्टिक मऊ करते आणि नाण्यावर धुरकट थर बसतो. नव्या प्लायवूडच्या कपाटातली वाफही वाईट. स्टीलचं कपाट बरं.

आणि माणसं. चिंच, राख, टूथपेस्ट, भांडी घासायची पावडर, सोनाराकडचं पॉलिश. प्रूफ नाण्यावर मऊ रुमालही ओरखडे काढतो. दिव्याखाली ते केसासारख्या बारीक समांतर रेषांचे दिसतात. काळं पडलेलं नाणं विकता येतं, घासलेलं फक्त तोलून विकता येतं.

पावसाळ्याची व्यवस्था अशी करा: घट्ट झाकणाचा, कडक प्लास्टिकचा दोन लिटरचा डबा घ्या. त्यात १० ग्रॅमच्या चार-पाच सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र ठेवा. आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहायला हवा. रंग बदलणारे केशरी मणी वापरले तर ते हिरवट झाले की ओव्हनमध्ये सुमारे ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवून, थंड करून परत वापरता येतात. पुडी डबीला टेकवून ठेवू नका. डबा जूनच्या आधी बंद करा. जुलैत बंद केला तर आत ओलसर हवाच कोंडली जाते. मूळ डबीतलं फोम चिकट झालेलं असेल तर नाणी ॲक्रिलिकच्या मापाच्या कॅप्सूलमध्ये ठेवा आणि रिकामी डबी जपून वेगळी ठेवा. फेकायची नाही.

ग्रेडिंग करावं का

पीसीजीएस आणि एनजीसी या परदेशी कंपन्या नाण्याला १ ते ७० च्या मापाने दर्जा देऊन सीलबंद प्लास्टिकमध्ये देतात. प्रूफचा खेळ ६० ते ७० मध्येच असतो. संच तिथे पाठवायचा म्हणजे तो फोडावा लागतो. एकेका नाण्याचं ग्रेडिंगचं शुल्क, जाण्यायेण्याचा खर्च आणि विमा धरला, तर सामान्य चांदीच्या संचाला हे परवडत नाही. १९५० चा संच किंवा दाट दुधाळ चित्र असलेली सुरुवातीची प्रूफ नाणी असतील तरच विचार करा, तोही नाणी भिंगाखाली नितळ असतील तर. ६४ आलेलं नाणं घेऊन लोक पस्तावतात, कारण डबीतल्या संचाला जे मिळालं असतं तेवढंही त्याला मिळत नाही.

भाव कुठे बघायचा आणि कसा विकायचा

ऑनलाइन मागितलेली किंमत हा भाव नव्हे. कुणीही काहीही मागू शकतो. नाण्यांच्या लिलावगृहांच्या मागच्या लिलावांचे निकाल पाहा. त्याच सालचा, त्याच प्रकारचा संच किमान तीन वेळा किती रकमेला गेला ते टिपा, सर्वांत वरचा आकडा सोडा आणि उरलेल्यांच्या मध्यावर थांबा. निकालातल्या रकमेवर खरेदीदाराकडून वेगळं कमिशन घेतलं आहे की नाही हे नियमांच्या पानावर असतं. तुमच्या हाती येणारी रक्कम विक्रेत्याचं कमिशन वजा करून धरा. डीलर रोख घेईल तेव्हा त्याहूनही कमी देईल, कारण त्याला तो संच काही महिने गाठीशी ठेवायचा असतो. यात फसवणूक नाही.

मुंबई-पुण्यातल्या नाणे-प्रदर्शनांत एकच संच तीन टेबलांवर दाखवा आणि विकायची घाई न करता आकडे ऐका. चांगली प्रूफ नाणी कशी दिसतात याचा डोळा तयार व्हायला मुंबईच्या फोर्टातलं रिझर्व्ह बँकेचं नाणे-संग्रहालय आणि नाशिकजवळच्या अंजनेरीच्या नाणेशास्त्र संस्थेचं संग्रहालय, दोन्ही उपयोगी आहेत.

फोनवर कुणी ‘रिझर्व्ह बँकेतर्फे तुमचा संच लाखांत घेतो, आधी कर किंवा नोंदणी शुल्क भरा’ म्हटलं तर तिथेच फोन ठेवा. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर निवेदन काढून सांगितलं आहे की अशा व्यवहारांत ती पडत नाही आणि कोणतंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही.

परदेशी पाठवायचा किंवा न्यायचा प्रश्न आला तर १९५० नंतरचे संच १०० वर्षांच्या आत आहेत. १०० वर्षांहून जुनं नाणं मात्र १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार पुरावशेष ठरतं, आणि ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. ही रेषा दरवर्षी एकेक साल पुढे सरकते. आजोबांच्या पेटीतला पंचम जॉर्जचा रुपया बॅगेत टाकण्यापूर्वी त्यावरचं साल वाचा.